नाक्यावरून उतरवलेला बॅनर

आई, आज नाक्यावरचा तुझ्या नातीचा बॅनर मी उतरवला. तू तिला पाहिलंच नाहीस. गेल्या आठवड्यात तिला अकरा वर्षं पूर्ण झाली. धाकट्याने, तुझ्या लाडक्याने, भाचीच्या वाढदिवसाला करावे गावात शिरतानाच दिसेल असा बॅनर लावला आणि त्याची रीलही टाकली. तिचं घरातलं लाडाचं नाव, शाळेचा गणवेश, मागे आमच्या सोसायटीचं गेट, सगळं त्यात. आम्ही केक खाल्ला, मीही मिरवले. आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइलवरच्या गेममध्ये कुणीतरी तिला त्याच लाडाच्या नावाने हाक मारली. 'मी मामाचा दोस्त' म्हणाला. तिची शाळा कुठली हे त्यानेच तिला सांगितलं. मग नव्या ड्रेसमधला फोटो मागितला, आणि वर, 'मम्मीला सांगू नको.' तिने फोटो पाठवला नाही, पण मला सांगायला वेळ लावला. का गं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तू मोबाइल काढून घेतला असतास."

खरं सांगते, माझा हात मोबाइलकडे गेलाच होता. तेवढ्यात तू आठवलीस. सेक्टरच्या कोपऱ्यावर तू मच्छीची पाटी घेऊन बसली आहेस, मी शेजारी माश्या हाकलते आहे. इस्त्रीच्या शर्टातला एक जण कोळंबी घेतो आणि तू दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मासा कापत असताना मला विचारतो, नाव काय, घर कुठलं, बाबा कामावरून कधी येतात. मी पोपटासारखी सांगते. तुझी कोयती थांबते. त्याच्या पिशवीतली कोळंबी काढून तू परत पाटीत टाकतेस. "जा तू. पोरीला काय इचाराचा हाय, ता मना इचार." तो पुटपुटत निघून गेला. घरी तू भाकऱ्या थापत होतीस आणि मी मार खायच्या तयारीने बसले होते. परातीतून मान वर न करता तू म्हणालीस, "तुजा काय चुकला नाय, बाय. मोट्या मानसाला पोरीचा घर कशाला पायजे?" दुसऱ्या दिवशी मला पुन्हा सोबत नेलंस.

तेच मी लेकीला सांगितलं. तुझ्यासारखं ठसक्यात जमलं नाही, पण तिचे खांदे जरा सैल झाले. मेसेज पुसू दिले नाहीत. स्क्रीनशॉट काढले, त्या माणसाला ब्लॉक केलं, सायबर पोलिसांत तक्रार दिली. मग भावाकडे गेले.

"ताई, टेन्शन कशाला घेतंस? सगल्यांच्या पोरांचे बॅनर लागतात. आपली पोर काय लपवून ठेवाची?"

"लपवायची नाही. तिचा पत्ता गावभर वाटायचा नाही, एवढंच."

तो रुसला, वहिनी फुगली, भावकीच्या ग्रुपवर मी अतिशहाणी ठरले. ठरू दे. रील त्याला माझ्यासमोर काढायला लावली. बॅनर काढायला कुणी हलेना, तेव्हा शिडी लावून मीच दोऱ्या कापल्या. खाली चार जण हसत उभे होते. त्यातल्या एकाला म्हटलं, "तुमच्या मुलीची शाळा तुमच्या स्टेटसवर दिसते, ते आधी काढा." तो मोबाइल चाचपू लागला. पुढच्या वाढदिवसांना कुणी मला बोलावलं नाही तरी चालेल, पण प्रत्येक वेळी मी हे बोलणार आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. तो कोळंबी घेणारा माणूस आदल्या दिवशीही आला होता. त्याने दिलेलं चॉकलेट मी खाल्लं होतं. माझं काही चुकलं नाही असं तू स्वतःहून म्हणालीस, तरी मी ते सांगितलं नाही. मला वाटलं, आता तू मला बाजारात नेणार नाहीस.

काल लेकीला विचारलं, आणखी काही आहे का? "नाही," म्हणाली, आणि उगाच ओढणीचं टोक पिळत राहिली. मी उद्या परत विचारणार आहे. परवाही विचारेन. मोबाइल तिच्याच हातात ठेवून.