एका हाताचं पिस्तूल

आबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढे म्हातारे होता, त्याहून मी आता म्हातारी झाले आहे. भाकरी थापून झाल्या की मनगटं ठणकतात. गरम पाण्यात हात धरून बसते, आणि तसं बसलं की धारूरला आपण पिस्तूल घ्यायला गेलतो तो दिवस आठवतो. कुणाला सांगावं असं आता कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते. अक्षरं तुम्हीच शिकवलेली.

मोटेच्या नाड्यात सापडून तुमचा डावा पंजा गेला, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. प्लेगात नवरा वारला म्हणून मी तुमच्याकडे परत आलेली, आई त्याआधीच गेलेली. घरात आपण दोघंच. तुमची ठासणीची लांब बंदूक खुंटीला, आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसलेले. सशा-तितरांच्या मागे सगळा डोंगर पायाखाली घातलेला माणूस ओसरीवरून उठेना. मग एका सकाळी तुम्हीच म्हणालात, "एका हाताला पिस्तूल चालतंय की गं." तहसिलीत खेटे घालून परवाना बदलून आणलात. बंदूक द्यायची आणि तिच्या बदल्यात पिस्तूल घ्यायचं, असं ठरलं.

बंदुका दुरुस्त करणारे चाचा दुकानात भात्यापाशी बसलेले. त्यांनी दोन पिस्तुलं पुढ्यात ठेवली. एक लांबडं, मुठीला पितळेची वेलबुट्टी, नळीत आतून आटे पाडलेले. दुसरं आखूड, जाड नळीचं, बिननक्षीचं. तुम्ही लांबडं उचललंत. चाचा म्हणाले, "आबा, ये गोळीचं हाय. सश्याला गोळी मारली तर खायला काय ऱ्हायचं? छर्रे भरायचे तर आट्याची नळी न्हाई चालत, लई फाकतात. गुळगुळीत नळी घ्या, आन् धा-बारा पावलांवरून मारा." तुम्ही ऐकत नव्हता. हात लांब करून नेम धरलात. मी मागे उभी होते. नळीचं टोक हळूहळू खाली येत होतं, तुम्ही ते वर आणत होता, ते परत खाली. मला राहवलं नाही. "आबा, लांबडं नगं. हात खाली येतोय तुमचा."

"तुला कुणी इचारलं?" तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की भाता हलवणारा गडी थांबला. "एक हात गेलाय माजा, अक्कल न्हाई गेली."

चाचा खाली बघत म्हणाले, "बेटी बराबर बोलती, आबा."

तुम्ही आखूडच घेतलंत. घाट उतरेपर्यंत माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिलात.

ठासायला दोन हात लागतात, म्हणून शिकारीला मी बरोबर यायची. लोक बोलायचे, विधवा लेक बापासंगं रानात फिरती म्हणून. तुम्ही म्हणायचात, बोलू दे. मी मापानं दारू ओतायची, चिंधी ठासायची, वर छर्रे, परत चिंधी, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवून तुमच्या हातात द्यायची. पहिल्याच दिवशी ओढ्याच्या काठाला ससा पडला. तुम्ही हसलात. वर्षभरानं हसलात. पण पिस्तुलानं असा हिसका दिला होता की दुसऱ्या दिवशी तुमचं मनगट सुजून टम्म. उरलेला एकच हात, तोही गेला. बारा दिवस मी तुम्हाला घास भरवले. धोतर नेसवलं. नेसवताना तुम्ही भिंतीकडे बघत उभे राहायचात, आणि मी तुमच्या पायाकडे.

हात बरा झाला, आपण परत गेलो. त्या दिवसापासून मी दारू निम्मी भरायला लागले. निम्म्या दारूला हिसका कमी. बार व्हायचा, तितर पिसं टाकून उडून जायचा. ससा उलटापालटा व्हायचा आणि उठून पळायचा, गवतावर रक्ताचे थेंब राहायचे. तुम्ही ते थेंब शोधत काट्याकुट्यातून वाकून फिरायचात, सापडायचं काहीच नाही.

"दारू बराबर हाय ना गं?" एकदा विचारलंत.

"हाय की आबा."

"मग नदर गेली माजी." तुम्ही शेताच्या बांधाला टेकून बसलात. "जखमी जनावर मागं टाकून यायचं म्हंजे पाप हाय. बास झालं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटेच धारूरला जाऊन पिस्तूल चाचांना देऊन आलात. त्यानंतर दोन उन्हाळे जगलात, ओसरीवरच. आल्यागेल्याला सांगायचात, डोळ्यांनी दगा दिला. मी आत चुलीपाशी ऐकत असायची. आवाजावरून दुसऱ्याची बंदूक ओळखणारा माणूस तुम्ही, निम्म्या बाराचा आवाज तुम्हाला कळला नसेल का, हा विचार अजून मनात येतो. कळला असेल, तर मग परत विचारलं का नाहीत?

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की तुमच्या हाताच्या काळजीनं तसं केलं. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तर खरं लिहिते. काळजी होती, पण थोडी. त्या बारा दिवसांत मी थकले होते, आबा. परत तुम्हाला भरवायचं माझ्या जिवावर आलं होतं.