सलग आठ डाव

१२ फेब्रुवारी २००७
मालक येऊन गेला. माझी खोली विकायला काढलीय म्हणे. जो राहतोय त्याला आधी विचारायचं, म्हणून माझ्याकडे आला. तीन लाख. मुदत अक्षय्य तृतीयेपर्यंत. म्हटलं, एवढ्या पैशात तर तुम्ही पण येत असाल सोबत. हसला नाही.
माझ्याकडे एक लाख ऐंशी हजार आहेत. यांच्या फंडाचे. बँकेत पडून आहेत, व्याजावर माझं भागतं.
रात्री वैजनाथचा फोन. आई, सोड ती खोली, आमच्याकडे ये. म्हणजे मुलगा-सुनेच्या हॉलमधला दिवाण, टीव्हीसमोर. म्हटलं, तुझी आनंदी अकरापर्यंत सिरियल बघून रडते, मलाही अकरापर्यंत रडावं लागेल. फोन ठेवला त्यानं. लेकराला लहानपणापासून गंमत कळत नाही.
ठरलं. विश्रांतवाडी सोडायची नाही. हे याच खोलीत गेले, मीही इथूनच जाणार.

१५ फेब्रुवारी
शेजारच्या खोलीत भाडं भरून राहणारी भाग्यश्री गोव्याहून आली. यवतमाळची पोरगी, कॉम्प्युटर कंपनीत आहे, भाजी माझ्याकडची नेते. कंपनीनं सगळ्यांना फिरायला नेलं होतं. तिथं नदीत मोठी बोट असते, तिच्यावर सरकारी परवान्यानं जुगार चालतो. ही चार हजार जिंकून आली.
खेळ समजून घेतला. ब्लॅकजॅक. दोन पानं मिळतात, आणखी मागता येतात, बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. पुढं गेलं की मेलं. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकचा नाहीतर अकराचा. खेळायचं ते पानं वाटणाऱ्या डीलरशी. एवढंच. यासाठी पोरी इंजिनियर होतात.
मला एक लाख वीस हजार कमी पडतात. पाचशे लावले, जिंकले की हजार. ते सगळे परत लावायचे. मांडून बघितलं. सलग आठ डाव जिंकले की एक लाख अठ्ठावीस हजार. आठच. मी तर रोज दुपारी खालच्या कुसुमताईंकडून पत्त्यांचे दहा-दहा डाव जिंकते.

१८ फेब्रुवारी
भाग्यश्रीनं ऑफिसातून नेटवरचे कागद छापून आणले. नवशिक्यांसाठी सूचना. तिनं वाचल्या, मी उतरवून घेतल्या. सतरा झाले की थांबायचं. डीलरचं उघडं पान पाच-सहाचं असेल तर तेरावरसुद्धा थांबायचं, तोच मरतो. दोन एक्के आले तर वेगळे करून दोन डाव मांडायचे. दहा-दहा कधी फोडायचे नाहीत. डीलरचं उघडं पान एक्का असलं की विमा घेता का विचारतात, नाही म्हणायचं. हे सोपं आहे, यांनीही आयुष्यभर नाहीच म्हटलं. पान हवं तर टेबलावर बोट टेकवायचं, नको तर हात आडवा फिरवायचा.
शेवटची सूचना, जेवढे गेले तरी चालतील तेवढेच न्यायचे आणि संपले की उठायचं. ही खेळता न येणाऱ्यांसाठी असावी. तरी दहा हजारच नेईन.
एक सूचना कागदात नाही, ती माझी. समोरच्याला चिडवायचं. चिडलेला माणूस चुकतो. मेंढीकोटात यांना विचारायचे, अहो, एक्का जड झाला का, हात थरथरतोय. की लगेच हुकूम वाया घालवायचे.

२ मार्च
सराव जोरात. कुसुमताई डीलर. खालच्या मजल्यावर राहतात, मूळच्या शनिवार पेठेतल्या, शाळेत गणित शिकवायच्या. हे गेल्यावर महिन्याभरानं पत्त्यांचा जोड घेऊन वर आल्या, तेव्हापासून सहा वर्षं रोज तीन ते पाच आमचा डाव असतो. आज विसातले पंधरा डाव माझे. बाईंना बेरीज येते, पण पत्त्याला डोकं वेगळं लागतं.

११ मार्च
कुसुमताईंना आज गोव्याचं सांगितलं. त्यांनी पानं खाली ठेवली. म्हणाल्या, "शालनबाई, मिस्टर गेले तेव्हा तुम्ही जेवत नव्हता. पहिल्यांदा जिंकलात त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्यात. तेव्हापासून मी मुद्दाम हरते आहे. आता थांबा."
म्हटलं, बाई, हरल्याचं कारण झकास आहे, पण सहा वर्षं लागली सुचायला.
मग म्हणाल्या, खरा डाव टाकू. टाकला. सलग अकरा हरले मी. खिडकीतला उजेड डोळ्यावर येत होता. शिवाय त्या तोंडातून शब्द काढत नव्हत्या, चिडवणार कुणाला?
जळतात. त्यांची खोली मालकानं अजून विकायला काढली नाही ना.

१९ मार्च
ठेव मोडली. बँकेतल्या मुलानं विचारलं, कशासाठी. म्हटलं, लग्न आहे. कुणाचं? माझं. मॅनेजरकडे बघायला लागला.
पैसे सगळेच सोबत नेते. खोलीचं कुलूप काही खरं नाही. हात फक्त दहा हजारांना लावायचा.

२४ मार्च, स्वारगेट
वैजनाथला सांगितलं, देवीला चालले. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलं. माणसानं पुढचा विचार करावा.

२५ मार्च, दुपारी १२.३०
बोट. आत इतकं गार की शाल घेतली. नऊवारीत मी एकटीच. दारावरच्या मुलानं विचारलं, कुणाला शोधताय. म्हटलं, तुझ्या मालकाला, त्याला रडवायचंय.
डीलर पोरगी आहे, विजयमाला, चंदगडकडची. मराठी बोलते. म्हणजे चिडवायला अडचण नाही.

१.५०
सलग पाच जिंकले! पाचशेचे सोळा हजार झाले. सहाव्याला गेले. पण पाच म्हणजे काय कमी नाही.
शांत डोक्यानं बघितलं तर पाचशेपासून सुरुवात हीच चूक होती. सोळा हजारांपासून सुरू केलं तर तीनच डाव लागतात. आणि माझ्याकडे सोळा हजार अकरा वेळा आहेत.

३.१५
बाथरूममध्ये बसून लिहितेय. चार वेळा गेले. एकदा दोन डाव जिंकले, तिसऱ्याला गेले.
तिला सोळा झाले होते. म्हटलं, पोरी, घाम फुटला बघ, थांब आता, मरशील. तिनं पान घेतलं. पाच. एकवीस. मग मान खाली घालूनच हळू बोलली, "आजी, मला थांबता येत नाही. सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच, तसा नियम आहे. मी चिडले काय, हसले काय, माझ्या मर्जीचं इथं काही नसतं."
असं कसं असेल? माणूस आहे ना ती? घाबरली म्हणून बोलली. आता सोडायची नाही.

४.४०
मला दहा-दहा आले. वीस. कागदात लिहिलंय, फोडू नका. पण कागद लिहिणाऱ्याला खोली घ्यायची नव्हती. फोडले. दोन्हीकडे सोळा-सोळा हजार. एकीकडे पाच आला, एकीकडे सहा. दोन्हीवर पान मागितलं. दोन्ही मेले.
विजयमालाची बदली झाली. जाताना दोन्ही तळवे उघडे करून दाखवले तिनं. तसा नियमच असतो म्हणे, हातात काही लपवलेलं नाही हे दाखवायचा. दुसरा मुलगा आला. त्याला मराठी येत नाही.

५.३०
उठले. सूचना पाळली. संपले की उठायचं.

२७ मार्च
खालून कुसुमताई आल्या. पोह्यांची ताटली पुढं सरकवली. पत्ते नव्हते आणले. मीच म्हटलं, टाकायचा का डाव? म्हणाल्या, आज नको. बसून राहिलो दोघी पाचपर्यंत.

२१ एप्रिल
अक्षय्य तृतीया होऊन गेली. वैजनाथ टेम्पो घेऊन आला. सामानात त्याला पासबुक सापडलं. टेम्पो खडकीला आला. मग म्हणाला, यापुढं पासबुक माझ्याकडे. म्हटलं, घे, जड नाही. त्यानं खिडकीकडे तोंड केलं. खांदे हलत होते त्याचे. मला वाटलं, हसतोय.

६ मे
दिवाण बरा आहे. आनंदीनं टीव्हीचा आवाज कमी केलाय, एका अर्थी मी जिंकलेच.
भाग्यश्रीचा फोन. माझी खोली तिनं घेतली. बँकेनं पगाराची चिठ्ठी बघून कर्ज दिलं. वीस वर्षांत फेडायचं. तेवीस वर्षांची आहे. लाजत विचारत होती, मावशी, सकाळी येऊन स्वयंपाक कराल का, तुमच्या हातची सवय आहे. लगेच हो म्हटलं. वैजनाथला सांगितलं, बघ, विश्रांतवाडी मी काही सोडली नाही.

८ मे
पहिला दिवस. दोन बस बदलून आठला पोचले. दाराला नवा रंग, नवी बेल. वाजवली.
आतून तिनं विचारलं, कोण?
मी परत बेल वाजवली.