साहेबासमोरचं मराठी

३ मार्च १९६१, शुक्रवार

अलमेलू मामी आजही येऊन ओट्यावर बसल्या. मागच्या गल्लीत राहतात. नवरा गेला, त्याचा सगळा फंड मामंजींच्या बँकेत. काही मागत नाहीत, भांडत नाहीत. सासूबाईंकडे बघून फक्त "भद्रमा?" एवढंच – सुरक्षित आहे ना? सासूबाई मान हलवतात आणि कॉफी देतात. मामी कॉफी पिऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. मला त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नाही.

हे म्हणतात, घाबरू नकोस शैला, बाजारातल्या अफवा आहेत. म्हणताना स्वतःची नखं कुरतडतात. बँकेचा सेक्रेटरीच असा दिसायला लागला तर लोक रांग लावतील, नाही तर काय करतील!

४ मार्च

अफवा नाहीत.

६ मार्च, सोमवार

लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. आज दुपारी मामंजींनी यांना झोपाळ्याशेजारी बसवून घेतलं. दार लोटलेलं, पण मी पलीकडे गहू निवडत होते आणि कान शाबूत आहेत.

शहराबाहेर आवडी नावाचं गाव आहे, तिथे जनकोजीरावांची सूतगिरणी आहे. जनकोजीराव म्हणजे मामंजींचे तंजावरचे बालमित्र. त्या गिरणीला बँकेने भलंमोठं कर्ज दिलं, तारण काही नाही. गिरणीतून सूत कधी निघालंच नाही. आणि त्या गिरणीत मामंजींचा अर्धा वाटा आहे – दुसऱ्याच्या नावाने. म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरांनी लोकांचे पैसे स्वतःलाच कर्जाऊ दिले! अलमेलू मामींचा फंड त्यातच गेला.

आता रिझर्व्ह बँकेचा तपासनीस येतो आहे. मामंजी यांना म्हणाले, "तूं लिहून दे, राघू. मी हृदयाच्या दुखण्याने बिछान्यावर होतों, तेव्हां तूं आपल्या अधिकारांत कर्ज मंजूर केलास. तुज फार काही होणार नाहीं. तूं तरणा आहेस. मी गेलों तर घराचं नांव जाईल."

हे काय म्हणाले असतील? सहा वर्षांत मी यांना वडिलांपुढे मान वर करून बोलताना पाहिलेलं नाही. "सरी, अप्पा," – बरं, अप्पा – एवढंच म्हणाले. साखर आणायला सांगितल्यावर म्हणतात तसं.

७ मार्च

रात्रभर डोळा लागला नाही. मी यांना विचारलं, तुरुंगात जाल? तर म्हणे, अप्पांचं वय अडुसष्ट आहे. मी विचारलं, आणि माझं? आपल्या चंद्रिकेचं? पाचवं लागलंय तिला. तर कूस बदलली.

असा राग आलाय मला, की भांडी आपटून आपटून दोन कप फोडले. सासूबाईंनी तुकडे गोळा करून घेतले.

९ मार्च, गुरुवार

तपासनीस आले. डॉक्टरांनी मामंजींना बाहेर पडायची मनाई केली आहे – निदान मामंजी तसं सांगतात – म्हणून रोज सकाळी तासभर तपासनीसच आमच्या हॉलमध्ये बसणार, मग बँकेत जाणार. नाव लोपीस. सावळे, बुटके, पांढरा सदरा, बोलणं थोडं. मामंजी त्यांच्याशी इंग्रजीत असे गोड बोलतात की ऐकून अंगावर काटा येतो.

लोपीस! माझं माहेर ठाण्याचं. शाळेत माझ्या बाकावर लोपीस नावाची मुलगी होती, वसईची. तिची आई केळी विकायला आमच्या दारी यायची आणि माझ्या आईशी तास तास गप्पा मारायची. मराठीतच, दुसऱ्या कुठल्या भाषेत मारणार?

पण हे इथे कोणाला सांगू? मामंजींच्या डोक्यात किरिस्ताव म्हटला की तो इंग्रजी बोलणारा, फार तर तमिळ. मराठी फक्त आपलं, तंजावरवाल्यांचं. पिढ्यान् पिढ्या हे लोक तमिळ मुलखात मराठीच्या आडोशाने राहिले आहेत. टी. नगरच्या दुकानात साडी घेताना दुकानदाराच्या नाकासमोर "भाव निम्मा कर, मग बघूं" असं आपसात ठरवतात. बँकेतसुद्धा कारकुनांच्या देखत हवं ते बोलतात. कोणाला कळतंय! इतकी सवय, की समोरचा कोण आहे हे बघायचंही भान उरलेलं नाही.

कदाचित मुंबईत वाढलेला असेल. कदाचित घरी इंग्रजीच असेल. कशाला उगीच.

१० मार्च

उगीच नाही.

आज ताक घेऊन गेले तर उंबऱ्यावर ठेच लागली. तांब्या कलंडला. लोपीस साहेब पटकन हात पुढे करून म्हणाले, "जपून."

अगदी हळू. मामंजी तेव्हा चष्मा शोधत होते, यांचं लक्ष कागदांत. फक्त मी ऐकलं. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं.

म्हणजे दोन दिवस मामंजी यांना त्यांच्यासमोर "हा कागद खाली दाब", "याला ते कपाट दाखवूं नको" म्हणताहेत, ते सगळं त्यांना कळतंय.

११ मार्च, शनिवार

सांगावं की नाही?

यांना सांगितलं तर हे तासाभरात वडिलांना सांगतील. मामंजी मग साहेबांसमोर मराठी तोंडातून काढणार नाहीत, इंग्रजीतच बोलतील, आणि इंग्रजीत ते फार हुशार आहेत. म्हणजे हे तुरुंगात.

नाही सांगितलं तर मी त्याच घरचं अन्न खाऊन त्याच घराला बुडवणार. मला या घराने वाईट वागवलेलं नाही. चंद्रिकेच्या वेळच्या बाळंतपणात मामंजींनी माझ्यासाठी तंजावरहून वैद्य आणवला होता. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. तो वाईट नाही, भित्रा आहे. एवढा मोठा माणूस आणि स्वतःच्या करणीला एवढा भितो, की मुलाला पुढे उभा करतो. लाज वाटते मला.

कपालेश्वराच्या देवळात गेले. हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. तशीच परत आले.

१३ मार्च, सोमवार

आज घडलं ते तसंच लिहिते.

यांचा जबाब टाइप होऊन आला होता. सही करायची बाकी. साहेब समोर खुर्चीत, मामंजी झोपाळ्यावर, हे जमिनीवर. मामंजी मराठीत यांना पढवत होते – "तारीख विचारला तर ठाम सांग. अडखळूं नको." मी दारामागे उभी. ओठ दातांखाली धरून.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. कधी येत नाहीत. हाताला कणीक तशीच. आणि भर सगळ्यांत म्हणाल्या, "पण गिरणीचं कर्ज दिलांत तेव्हां राघू कोठें होता येथें? तो तर माझ्या भाच्याच्या लग्नास तंजावरास. तुम्हीच ना दिलांत?"

मामंजी चिडले. "होय, मीच दिलों! आतां तें काढायचं काय कारण? तूं आंत जा."

सासूबाई आत गेल्या.

या बाईला कधी काय बोलावं याचं कणभर तारतम्य नाही, असं मी मनात म्हटलं. आणि त्याच क्षणी मला एकदम हलकं वाटलं. साहेबांनी काहीच लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं. "दि स्टेटमेंट कॅन वेट, मिस्टर राव," एवढंच म्हणाले, आणि निघाले.

१४ मार्च

साहेब आले नाहीत. मामंजी खूश – "कंटाळला." माझा जीव टांगणीला. त्यांना नीट कळलं असेल ना? की इथलं पोथीसारखं मराठी डोक्यावरून गेलं? आणि कळूनही कानावर आलेल्या शब्दाला किंमत किती?

१६ मार्च, गुरुवार

हे आज बँकेतून लवकर आले. चेहरा पांढराफटक. चप्पल न काढताच माझ्याजवळ येऊन बसले.

साहेबांनी यांना एकट्याला आत बोलावलं. दार लावलं. आणि सरळ मराठीत विचारलं, "राघोत्तमराव, कर्ज मंजूर झालं त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"मग?"

"शैला, मी खोटं इंग्रजीत पाठ केलं होतं. सगळं. स्पेलिंगसकट. मराठीत विचारल्यावर मज येईचना." हे रडत होते. "आईला सांगतात तसं सांगून बसलों."

मी यांचं डोकं मांडीवर घेतलं. आनंद झाला. झाला, का लपवू? आणि आत झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या, मामंजी काही माहीत नसलेले झोका घेत होते, तेही ऐकू येत होतं.

१७ मार्च

मामंजींना कळलं. यांनी स्वतः सांगितलं, उभ्याने. पहिल्यांदा उभ्याने.

मामंजींनी मग मला बोलावलं. "तूं तिकडची. तुज माहीत होतं ना, तो मराठी आहे म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "हो, मामंजी."

"कधींपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

त्यांनी तोंड फिरवलं. "परकी ती परकीच," म्हणाले. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

२५ मार्च

बँकेला टाळं. सरकारी नोटीस डकवली आहे. रांगेतली माणसं ती वाचतात, पुन्हा वाचतात, आणि तिथेच उभी राहतात. अलमेलू मामी आमच्या ओट्यावर. आज "भद्रमा?" विचारलं नाही. कॉफीही घेतली नाही. हे त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि म्हणाले, किती परत मिळेल ठाऊक नाही, पण मी कोर्टात सगळं सांगणार आहे. मामींनी ऐकून घेतलं. उठताना यांच्या खांद्याचा आधार घेतला.

घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. नणंदेचं कोइमतूरहून पत्र – माझं नावसुद्धा घातलेलं नाही. मी चुकले असं मला वाटत नाही. पण ताट वाढताना हात अवघडतो.

६ एप्रिल

मामंजींना आज सकाळी पोलीस घेऊन गेले. जाताना चष्मा विसरले. हे तो घेऊन मोटारीमागे धावले.

९ एप्रिल, रविवार

तुरुंगात घरचा डबा चालतो. सासूबाई स्वतःच रसम-भात भरत होत्या. मी म्हटलं, मी नेते. तर म्हणाल्या, "नको. मीच रोज नेणार." मग झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता – "तुज उगाच बोलणीं खावीं लागलीं, पोरी. तो साहेब पहिल्या दिवशींच ओट्यावर मज पाणी मागितला. मराठींत."

डबा उचलून गेल्या.