वळणावरची सलग रेघ

सोमवार, संध्याकाळ

बुटावरचा पांढरा रंग रॉकेलनेही निघेना.

हेब्बाळच्या पुढे वळणावर माझ्या माणसांनी तुटक रेघ मारली, म्हणजे ओव्हरटेकला मोकळीक. तिथे सलग हवी होती. सुपरवायझर मी, शुक्रवारीच दिसलं होतं मला. सोमवारी बघू, म्हटलं. एवढी कसली घाई होती घरी यायची? काल संध्याकाळी एक स्कूटरवाला तिथे बसच्या पुढे काढायला गेला आणि समोरच्या लॉरीखाली सापडला.

आज पहाटे, पोलीस पंचनाम्याला यायच्या आधी, मी रेघेतली मोकळी जागा भरून घेतली. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं: सलग रेघ ओलांडली, चूक त्याचीच.

पंचनाम्याच्या वेळी तिथे आलेली त्याची बायको मला म्हणाली, "अण्णा, ते सलग रेघ कधीच ओलांडत नव्हते."

"सरी, अक्का," बरं ताई, एवढंच म्हणालो आणि बूट मागे घेतले.