जोडसंभाषणाचे कलम

सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. खांबेश्वर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, एक तक्रार राखून.

तुझे पत्र आज मिळाले. तू नदीच्या पलीकडे राहतोस, मी अलीकडे. माझ्या खिडकीतून तुझ्या गल्लीमागच्या गिरणीचे धुराडे दिसते. मी जुन्या टेलिफोन कंपनीची मुख्य ऑपरेटर, तू नव्या टेलिफोन कंपनीचा तारा ओढणारा. आपण दोघे मिळून सगळ्या शहराला बोलते करतो आणि एकमेकांची खुशाली विचारायला पोस्टमनच्या पायांवर अवलंबून राहतो, कारण तुमची तार आमच्या बोर्डात येत नाही आणि आमची तुमच्या. सख्खी भावंडे दोन कंपन्यांत नोकरीला असल्याचे हे फळ आहे, आणि त्यांतली दुसरी कंपनी तू निवडलीस हे मी विसरलेले नाही.

वखारीवरच्या माडीत एक बोर्ड, एक खुर्ची आणि मी, एवढीच आमची कंपनी होती तेव्हा तू चड्डी सावरत शाळेत जात होतास. पहिली तार गिरणीमालकांच्या घरापासून गिरणीपर्यंत होती. मालक गिरणीतून घरी विचारत, जेवायला काय आहे. आणि घरून गिरणीत विचारत, यंत्रे चालू आहेत ना. या दोन प्रश्नांवर आम्ही कंपनी उभी केली. मग लोखंडाचे कारखाने आले, कापड रंगवण्याचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागून तुमची नवी कंपनी आली. रस्त्याच्या उजव्या बाजूला आमचे खांब आहेत, सरळ आणि रंगवलेले. डाव्या बाजूचे तुमचे खांब पाहिले की कोणी धुणे वाळत घालायला विसरले आहे असे वाटते.

तुझ्या बायकोची, आपल्या धाकटीची, तब्येत कशी आहे ते तू लिहिले नाहीस. चार पाने लिहिलीस, त्यांतली तीन तुमच्या नव्या यंत्राच्या कौतुकाची. पुढचे पत्र उलट्या क्रमाने लिही.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवण्याच्या भानगडीत पडू नये.
तुझी ताई


गुरुवार, ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. हे पत्र खांबाच्या आडव्या दांडीवर बसून लिहीत असल्याने सगळी अंगे जमिनीला टेकवणे धोक्याचे आहे. तरी भाव समजून घ्यावा.

आज्ञेप्रमाणे उलट्या क्रमाने लिहितो. धाकटी बरी आहे. दिवस भरत आले. पाय सुजतात, राग लवकर येतो, आणि तुझ्या पत्रातले धुण्याचे वाक्य वाचून ती इतकी हसली की मला तिच्यासाठी पाणी आणावे लागले. नणंदेची बाजू घेणारी बायको मला मिळाली आहे, हे माझे दुर्दैव तू तुझ्याकडे नोंदवून ठेव.

आता काळजीची गोष्ट. मी दिवसभर खांबांवर असतो. घरात टेलिफोन आहे, पण आमच्या कंपनीचा. डॉक्टरीणबाई तुमच्या बाजूला राहतात आणि त्यांच्याकडे फक्त तुमचा टेलिफोन. आमच्या नोकरांनी तुमचे यंत्र घरात घ्यायचे नाही असा आमच्या साहेबांचा हुकूम आहे. तुमच्याकडेही असाच असेल, बहुधा तूच लिहिलेला.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांकडे मात्र दोन्ही कंपन्यांचे टेलिफोन भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. कोणाला पलीकडे बोलायचे असले की ते एकाचा ऐकण्याचा कर्णा दुसऱ्याच्या बोलण्याच्या तोंडाशी धरतात, दुसऱ्याचा पहिल्याच्या, आणि चामड्याच्या पट्ट्याने दोघांना एकत्र बांधून गिऱ्हाइकाकडे वळतात. याला ते लग्न लावणे म्हणतात. सारी गल्ली त्यांच्याकडे लग्ने लावून घेते. पण गेल्या महिन्यापासून तुमच्या बोर्डावरून ही लग्ने मोडली जात आहेत. दोन शब्द झाले की कट. औषधवाल्यांचे म्हणणे असे की पलीकडे कोणी तरी फार तिखट कानाची बाई बसली आहे. मी मान खाली घालून ऐकून घेतले.

ताई, एवढे दोन आठवडे तरी कान थोडा बोथट ठेवशील का?

धाकटीचा नमस्कार. माझ्यावर नाही तर निदान तिच्यावर लोभ असू दे.
तुझा धाकटा


सोमवार, १० फेब्रुवारी

चि. भाऊराया,
आशीर्वाद, यावेळी तक्रार नाही, नकार आहे.

तुमचे औषधवाले ज्याला लग्न म्हणतात त्याला आमच्या नियमपुस्तकात जोडसंभाषण म्हणतात. कलम अकरा: जोडसंभाषण ओळखताक्षणी ऑपरेटरने ते तोडावे; न तोडणाऱ्या ऑपरेटरला खुर्चीवरून दूर करावे. हे कलम माझे आहे. एका वर्गणीत साऱ्या गल्लीने फुकट बोलावे हे कंपनीने का सोसायचे, याचे उत्तर आजवर मला कोणी दिलेले नाही. आवाज दोन यंत्रांतून गाळून आला की पातळ होतो, पाणी घातलेल्या दुधासारखा. मागे बाटल्यांची किणकिण असली तर ओळखायला काहीच लागत नाही. आमच्या मुली अजून चुकतात. मी चुकत नाही.

या शुक्रवारी संचालक स्वतः हे पाहायला येणार आहेत. माझी पद्धत पसंत पडली तर नदीकाठच्या नव्या इमारतीतला मोठा बोर्ड माझ्या हाताखाली येईल. इतकी वर्षे मी ज्या खुर्चीवर बसले ती वाढायची की जायची, हे त्या दिवशी ठरेल. अशा आठवड्यात माझ्या कानांनी बोथट व्हावे अशी विनंती करायला तुला लाज वाटली नाही, पण तुझी काळजी खरी आहे म्हणून रागावत नाही.

त्यावर सरळ उपाय आहे. येत्या रविवारी धाकटीला गाडीने माझ्याकडे आणून सोड. डॉक्टरीणबाई माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहेत. मी खोली रिकामी केली आहे, पडदे धुतले आहेत आणि उशीला नवा अभ्रा घातला आहे. तिला हे पत्र वाचून दाखव, कलमासकट. म्हणजे वन्सं दुष्ट का आहेत ते तिला नीट कळेल.

रविवारी वेळेवर यावे. लोभ उशिरा आला तरी चालेल, गाडी नको.
तुझी ताई


रविवार, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार, आणि अभिनंदन. तू आत्या झालीस.

मुलगी आहे. शुक्रवारी, रविवारची वाट न पाहता आली. मी मालगाड्यांच्या यार्डाच्या पलीकडे खांबावर होतो. संध्याकाळी शीळ घालत घरी आलो तर डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले आणि विचारले की आपण कोण. मी सांगितले, नवरा. त्यावर त्या म्हणाल्या की आता आलाच आहात तर पाणी तापवा. त्यांना यायला आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झाले असते ते त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. दोघी सुखरूप आहेत, एवढे पुरे.

धाकटी म्हणते की तिने औषधवाल्यांना लग्न लावायला सांगितले आणि ते मोडले नाही. बाकी काही सांगत नाही, नुसती हसते.

पण काल औषधवाले मला थांबवून म्हणाले की तुमच्या बोर्डावर आवाज बदलला आहे. नवी बाई गोड बोलते आणि त्यांना दर वेळी सुतारशाळेला जोडून देते. ताई, तुझी खुर्ची कुठे गेली? मला खरे लिही. मी इथे पाळणा बांधतो आहे आणि एकच गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधतो आहे; खांबावर कधी दुसऱ्यांदा बांधावी लागली नाही.

तुझाच, आता लहान न राहिलेला, धाकटा


मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. भाऊरायास, चि. सौ. धाकटीस आणि जिचे नाव अजून ठरलेले नाही तिला,
अनेक अनेक आशीर्वाद.

खरे लिहिते. मला दुसरे येत नाही.

शुक्रवारी तिघे संचालक माझ्या खुर्चीमागे उभे होते, शेजारी आमचे व्यवस्थापक. जोडसंभाषण कसे ओळखावे हे मी त्यांना समजावीत होते आणि, सांगायला हरकत नाही, फार चांगले समजावीत होते. तेवढ्यात बोर्डावर औषधवाल्यांच्या तारेची झडप पडली, म्हणजे त्यांची हाक आली. मी प्लग लावला. आवाज पातळ, मागे बाटल्या. मी एक बोट वर करून संचालकांना खूण केली की हेच ते. दुसऱ्या हाताने प्लग धरला. आणि तो पातळ आवाज म्हणाला, “वन्सं, तुम्हीच आहात ना? मग खुशाल तोडा, पण आधी डॉक्टरीणबाईंना सांगा.”

तुझी बायको वेदनेतही नियमाला धरून बोलते. ती आमच्याकडे नोकरीला असायला हवी होती.

निरोप घेऊन तार तोडता आली असती; कलमाचाही मान राहिला असता. पण डॉक्टरीणबाईंना तिला चार प्रश्न विचारावे लागणार हे मला ठाऊक होते. मी मागे वळून संचालकांना सांगितले, “हे जोडसंभाषण आहे, आणि मी ते तोडणार नाही.” मग डॉक्टरीणबाईंना जोडले आणि दोघींचे बोलणे संपेपर्यंत दोन्ही प्लग दोन्ही हातांनी दाबून बसले, जणू ते आपोआप निघून पडणार होते. तांत्रिकदृष्ट्या हे निरर्थक होते.

व्यवस्थापकांनी तिथल्या तिथे कलम अकरा वाचून दाखवले. शिक्षेचे वाक्य मी इतके बांधेसूद लिहिले आहे की त्यातून मलाही निसटता येत नाही. खोटे कशाला सांगू, उठताना त्या वाक्याचा थोडा अभिमानही वाटला.

मी दारापर्यंत गेले तेव्हा सर्वांत वयस्कर संचालकांनी विचारले की अशी किती बोलणी मी आजवर तोडली. ते मी सांगितले. आमच्याकडे त्याचा हिशोब असतो. मग त्यांनी विचारले की ती माणसे काय सांगत होती. भाऊराया, ऐकण्याआधी तोडणे हीच तर माझी पद्धत होती. मी म्हटले, “ते मला ठाऊक नाही.” त्या खोलीत हे वाक्य मी याआधी कधी उच्चारले नव्हते. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरले. त्यांच्या लोखंडाच्या कारखान्यात, मागाहून कळले, दोन्ही कंपन्यांचे टेलिफोन आहेत आणि चामड्याचा एक पट्टाही आहे.

सध्या मी घरी आहे. पडदे धुतलेलेच आहेत. सवड असल्याने तुझी जुनी पत्रे काढून त्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करीत आहे, सोबत पाठवते.

मुलीला माझ्यातर्फे एक पापा द्यावा. लोभाचे काय ते तीच ठरवील.
तुझी ताई


रविवार, ९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. लाल शाई पोचली. मुलीच्या पाळण्यावर टांगली आहे. ती बघून हसते, मी बघून रडतो.

बातमी अशी. तुझ्या कंपनीचे वयस्कर संचालक आमच्या साहेबांकडे येऊन गेले. बराच वेळ आरडाओरडा झाला, मग हसणे, मग नकाशा मागवला गेला. आता मला पुलावरून तार ओढायचा हुकूम आहे: आमच्या बोर्डापासून थेट तुमच्या वखारीवरच्या माडीपर्यंत. तिथे एक जोडमेज बसणार. ज्याला त्याला दुसऱ्या कंपनीच्या तारेवर जोडून मिळेल, पट्ट्याशिवाय. औषधवाले खट्टू आहेत. म्हणतात, आमचा धंदा बसला.

भांडण उरले ते एवढेच, की त्या मेजावर कोणी बसायचे. तुमचे लोक म्हणत आमची मुलगी, आमचे लोक म्हणत आमची. शेवटी आमच्या साहेबांनी विचारले की ती तिखट कानाची बाई मोकळी आहे का. ती निदान दोघांनाही सारखीच छळील. यावर दोन्ही कंपन्यांचे पहिल्यांदा एकमत झाले. तुला पत्र येईलच. नवे नियमही तुलाच लिहायचे आहेत. मोठा बोर्ड मात्र तुमच्या गोड आवाजाच्या बाईंना मिळाला, याचे वाईट वाटते.

खांब सरळ पुरीन. रंगही देईन. लोभाची तार तूर्त सैल ठेवू नये.
तुझा धाकटा


रविवार, २० एप्रिल

चि. भाऊरायास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठ्या बोर्डाचे मला वाईट वाटत नाही. सुतारशाळेला मात्र वाटत असावे.

तुझी तार उत्तम आहे. पुलाजवळचा एक खांब किंचित डावीकडे झुकतो. पण काल त्यावरून जे आले ते ऐकल्यावर तो तसाच असू दे.

काल सकाळी आम्ही मेज सुरू केले. दोन्ही कंपन्यांची माणसे कोट घालून उभी होती. पहिली हाक तुमच्या बाजूने, तुझ्या घरून आली. मी नियमाप्रमाणे विचारले की कोण हवे आहे. उत्तर नाही. पुन्हा विचारले. धाकटीने मुलीला यंत्राशी धरले होते, आणि तुझी मुलगी रडत होती. आवाज पातळ नव्हता. मागे बाटल्या नव्हत्या. जणू ती माझ्या मांडीवरच होती. आमचे व्यवस्थापक घड्याळ काढून बघू लागले. तुमच्या साहेबांनी खोकून दाखवले. त्या हाकेत कामाचे एकही वाक्य नव्हते आणि मी ती शेवटपर्यंत ऐकली. प्लगला हात लावला नाही. दमली तेव्हा तिनेच संपवली.

संध्याकाळी मी नव्या पुस्तकातले पहिले कलम लिहिले: हाक ज्याने मारली त्यानेच ती संपवावी, ऑपरेटरने मध्ये तोडू नये. वाक्य तपासून पाहिले. त्यात एकही शब्द बदलण्यासारखा नाही.

आता रोज बोलता येईल म्हणून पत्रे थांबवशील, तर तसे करू नकोस. तारेवर तुझे व्याकरण मला दुरुस्त करता येत नाही.

लोभ आहेच, वाढला तरी हरकत नाही.
तुझी ताई