मुक्या पेटीतली अंडी

३ मार्च

खोटारडा!

सकाळी पेपर उघडला, तर चौथ्या पानावर महाशय. खांद्यावर चिमणीएवढा फिंच पक्षी बसवून हसताहेत. एकतीस वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली पक्षीघर सांभाळलं, पक्ष्याला बोट लावताना त्याला कधी पाहिलं नाही. पिसांनी शिंका यायच्या त्याला. आता खांद्यावर!

खाली मुलाखत. "एका तापलेल्या दुपारी मी एकटाच पिंजऱ्यासमोर बसलो होतो. नर अंड्यांवर वाकून बारीक आवाजात काही सांगत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पिल्लाचा मेंदू अंड्यातच घडायला लागतो."

मी बसले होते! मी! दुपार माझी, स्टूल माझं, घाम माझा!

नव्या पक्षीघराला त्यांचं नाव देणार आहेत. तीस तारखेला समारंभ.

४ मार्च

रागाने दोन वेळा दूध उतू जाऊ दिलं. हे म्हणाले, "अगं, गॅस तरी बंद करून चिडत जा."

६ मार्च

लिहून ठेवते. नाहीतर उद्या मलाच वाटायचं की तो म्हणतो तेच खरं.

त्या दुपारी पक्षीघरातले पंखे बंद पडले होते. पाणी बदलायला गेले, तर नऊ नंबरच्या पिंजऱ्यातला नर घरट्यावर बसून टिक-टिक-टिक करत होता. धापा टाकत बोलावं तसं. मादी बाहेर. ऐकणारं कोणी नाही, अंड्यांशिवाय. दुसऱ्या दिवशीही तेच. गार दिवशी गप्प. अंडी फुटायला पाच-सहा दिवस राहिले की बोलणं सुरू, त्याआधी नाही. दोन महिने मी नोंद ठेवली. त्या घरट्यातली पिल्लं बापाचं गाणं इतरांच्या आधी उचलायची, तेही लिहिलं. नन्सच्या शाळेत अक्षर गिरवून घेतलेलं, त्यामुळे नोंदी छापल्यासारख्या.

वही घेऊन वर गेले. महाशय खुर्चीत रेलून हसले. "बाई, अंड्याला कान असतात का?" बाकीचे सगळे हसले. साहेब हसले की हसायचं, हीच तिथली नोकरी.

तीन आठवड्यांनी मायक्रोफोन मागवले. वही परत मिळाली नाही.

शोधनिबंधाच्या शेवटी आभार: "पक्षीघरातील कर्मचाऱ्यांचे." आम्ही तिघं होतो. त्यातला एक फक्त झाडू मारायचा.

९ मार्च

संस्थेची सेक्रेटरी घरी आली. गोड बोलणारी. "काकू, तुम्ही यायचंच हं! सर आवर्जून म्हणाले, आमच्या बाईंना बोलवा. त्या पिल्लांना आईसारख्या होत्या."

"सरांना सांग," म्हटलं, "आईने पिल्लांच्या माना तुमच्या हवाली केल्या, मेंदूचे काप करायला. अशी आई कुठे मिळते?"

तिचा चहा अर्धाच राहिला. आमंत्रणावर माझी जागा: सहावी रांग.

लेक समारंभात भाषण करणार आहे. सरांची विद्यार्थिनी म्हणून! फोनवर म्हणाली, "आई, जाऊ दे ना आता. म्हातारे झालेत ते."

मी काय अजून अंड्यात आहे?

१२ मार्च

आज ते लिहिते, जे कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

मुख्य प्रयोगाचं वर्ष. दोन इन्क्युबेटर. एकात स्पीकर, बापाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. ती बोलकी पेटी. दुसरीत स्पीकर तसाच, पण आवाज नाही. ती मुकी. बोलक्या पेटीतल्या पिल्लांच्या पायात लाल कडी, मुकीतल्यांच्या पिवळी. मोठी झाल्यावर मेंदूचे काप करायचे आणि ऐकण्याचा भाग मोजायचा.

पेट्या धुतल्या मी. वायरी जोडल्या मी. अंडी ठेवली मी. आणि पिल्लं बाहेर पडली त्या दिवशी स्पीकर काढायला गेले, तर मुक्या पेटीतून टिक-टिक ऐकू आलं!

वायरी उलट्या जोडल्या होत्या. महत्त्वाचे सगळे दिवस उलटे गेले. लाल कडीवाल्यांनी काही ऐकलं नव्हतं. पिवळ्यांनी सगळं ऐकलं होतं.

आदल्या महिन्यात दार उघडं टाकलं म्हणून एकाला घरी बसवलं होतं. मी ठरल्या रंगांचीच कडी चढवली, वायरी बदलल्या आणि मूग गिळून बसले.

आता गंमत. पुढे जगात चार ठिकाणी हाच प्रयोग झाला. ज्यांनी आवाज ऐकला, त्यांचाच ऐकण्याचा भाग जास्त भरला. म्हणजे गोष्ट खरी. मग आमचे आकडे उलटे यायला हवे होते! पिवळे वर, लाल खाली. पण छापून आले ते सुलटे. लाल वर, पिवळे खाली. साहेबांना हवे तसे.

काप मोजणाऱ्या विद्यार्थ्यांना कड्यांचे रंग माहीत नसायचे. रंगांची यादी महाशयांच्या कुलपात. आकडे आणि रंग यांची गाठ घालणारा हात एकच.

शोध माझा चोरला आणि आकडे घरी बसून शिजवले! माझी चूक हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. एकोणीस वर्षं जिची लाज वाटली, तीच चूक आज कामाला आली.

१४ मार्च

ह्यांना सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"तुझीही बेअब्रू होईल."

"होऊ दे. त्याची माझ्यापेक्षा जास्त होईल."

"लेकीला विचार निदान. ती तिथेच शिकत होती तेव्हा."

नाही विचारणार. ती सरांच्या बाजूने रडेल आणि मी विरघळेन. तिच्या रडण्यापुढे माझं कधीच काही चाललेलं नाही.

१६ मार्च

पत्र लिहिलं. संस्थेच्या चौकशी समितीला, रजिस्टर पोस्टाने. पहिल्या मसुद्यात 'चोर' सहा वेळा आला होता. सगळे काढले. शाळेत सिस्टर सांगायची, कबुली द्यायची तर विशेषणं लावू नका. त्यामुळे फक्त तारखा, पेट्या, वायरी, रंग. शेवटी: "चूक माझी होती. ती मान्य आहे. परंतु माझ्या चुकीनंतर हे आकडे येणे अशक्य आहे."

पोस्टातल्या बाईने शिक्का मारला. इतका गोड आवाज मी पक्षीघरातही ऐकला नव्हता.

१७ मार्च

झोप छान लागली. भूकही.

२० मार्च

समारंभ पुढे ढकलला! सेक्रेटरीचा फोन. आज 'काकू' नाही, 'मॅडम'. समिती बसली आहे. मूळ कागद काढले आहेत. पक्षीघराच्या नव्या पाटीवर कापड टाकलंय म्हणे. ते कापड मी मनातल्या मनात दहा वेळा टाकून पाहिलं.

दुपारी स्वतः महाशयांचा फोन. आवाज फाटलेला.

"बाई, हे काय केलंत?"

"नोंद केली, सर. उशिरा केली, एवढंच."

"आकडे मी बदलले नाहीत हो. यादी मी टायपिंगला दिली, मापंही दिली. तक्ता तयार होऊन माझ्या टेबलावर आला. मी नुसता वाचला."

"म्हणजे आता टायपिस्टवर ढकलणार?"

मग म्हणाले, "ती दुपार तुमची होती. मला माहीत आहे. इतक्या वेळा सांगितली, की माझीच वाटायला लागली."

एकोणीस वर्षांनी! आणि तेही मानगुटीवर बसल्यावर. मी फोन ठेवला. चहात साखर दोनदा घातली, पण आनंदाने. आनंदानेच असणार.

हे म्हणाले, "आता बरं वाटतंय?"

"पाटी उतरू दे, मग सांगते."

२१ मार्च

लेकीला तीन फोन केले. उचलत नाही. सरांसाठी रुसली असेल. रुसू दे. आईला सहाव्या रांगेत बसवतात तेव्हा नाही रुसली ती!

२२ मार्च

लेक आली. बॅग दारातच ठेवली, बसली नाही.

"आई, तक्ता मी टाइप केला होता. सगळं उलटं आलं होतं. पिल्लं निघाली त्या दिवशी तू घरी आलीस आणि जेवली नाहीस, ते माझ्या लक्षात होतं. वायरी चुकल्या असणार, हे मला तेव्हाच कळलं. मी एकही आकडा बदलला नाही. फक्त वरचे दोन मथळे अदलाबदल केले, म्हणजे ज्यांनी खरंच ऐकलं त्यांच्यावर 'ऐकलं' आलं. तुझी नोकरी गेली असती, आई."

म्हणजे तक्ता खरा होता.

उद्या अकरा वाजता समितीने तिला बोलावलंय. तिच्यासमोर माझं पत्र ठेवणार आहेत.