होडी बाहेर असताना

१२ नोव्हेंबर, पूर्णगड
पोचले बाई एकदाची! दापोलीहून रत्नागिरी, तिथून दुसरी एसटी, कंबरेचा पार भुगा झाला. पण घर छान मिळालंय. कमळाकाकू आणि त्यांचा मुलगा नितेश, दोघंच असतात. रात्री बांगड्याचं तिखलं होतं. मी तिसऱ्यांदा भात घेतला, तर नितेश म्हणाला, दापोलीत दुष्काळ पडलाय की काय! बोलीतले शब्द गोळा करायचा मला पगार मिळतो, हे ऐकून तर तो हसून हसून लोळला. उद्या पहाटे होडीवर जाईल, चारेक दिवसांनी येईल.

१४ नोव्हेंबर
आजचा विषय, खचणं. माणसाचा धीर सुटला की तुमच्यात काय काय म्हणतात, असं काकूंना विचारलं, तर त्यांनी चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला. होडी बाहेर असताना घरात असलं बोलायचं नसतं. घरच्या बाईने तिन्हीसांजेला दारात उभं राहून ‘येतोय’ एवढंच म्हणायचं. त्या शब्दाला धरून माणूस घरी येतो म्हणे. मला गंमत वाटली.

१५ नोव्हेंबर
मी कसली ऐकतेय! दुपारी पुन्हा मागे लागले. काकू, नुसत्या शब्दांनी होडी बुडते का? शेवटी कंटाळल्या बिचाऱ्या. मी फोन पुढे धरला आणि त्या हळूहळू सांगू लागल्या. कच खाणं. हाय खाणं. अवसान गळणं. हातपाय गाळणं. सांगता सांगता आवाज बसत गेला, मग उठायला गेल्या तर उठवेना. संध्याकाळी मी धरून दारात नेलं. तोंड उघडलं, पण ‘येतोय’ काही बाहेर पडलं नाही. दमल्या असतील.

१७ नोव्हेंबर
होडी आली. नितेश आला नाही.
दादू तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, अंगणात बसून लहान पोरासारखा रडला. परवा दुपारी नितेशचा तोल गेला, पाण्यात पडला. समुद्र तळ्यासारखा शांत होता. दोर टाकला, त्याने धरला, हसत एक शिवीही हासडली. अर्ध्यावर ओढला आणि त्याने हात सोडले. निसटले नाहीत, सोडले, असं दादू पुन्हा पुन्हा सांगत होता.
परवा दुपारी. अरे देवा, परवा दुपारी मी काय करत होते!

१९ नोव्हेंबर
शोध चालू आहे. काकू भिंतीला टेकून बसल्यात, बोलत नाहीत, पाणीसुद्धा मी पाजते. शेजारची मथुरा म्हणाली, सापडत नाही तोवर पोरगा बाहेरच आहे, घरातून कुणीतरी म्हणायला हवं. मग मीच दारात उभी राहिले. रडत रडत म्हटलं. येतोय.

२० नोव्हेंबर
आजही म्हटलं. थोड्या वेळाने अंगणाच्या कडेला ओली पावलं दिसली, समुद्राकडून आलेली. मथुरेने पाहिली आणि ती पदर तोंडाला लावून घरी गेली. आता येत नाही.

२१ नोव्हेंबर
पावलं तुळशीपर्यंत. शेवाळाचा वास घरभर. काकू आज हसल्या, दोन घास खाल्ले. मला मात्र — नको, तसला शब्द आता लिहायचासुद्धा नाही.

२२ नोव्हेंबर
पायरीवर. डाव्या पावलाला बोटं नाहीत. माशांनी —
कोण येतंय हे? त्या माउलीला सांगू कसं? ती त्याच्यासाठी भात टाकायला सांगते.

२३ नोव्हेंबर
तिन्हीसांज. दाराबाहेर पाणी ठिबकतंय. काकू आपल्या आपण उठल्या, भिंत धरून. विनवतायत. म्हण बाय, एकदाच म्हण, उंबराच तेवढा राहिलाय.
म्हणवत नाही. माझं सगळं अवसान —

पावलं परत फिरली. ऐकू आलं, दोघींनाही. काकूंनी कडी काढली. हाका मारत त्याच्यामागे — पुळणीवर — मला उठवत नाही, इथूनच दिसतंय — काकू, थांबा — गुडघाभर पाणी — कमरेएवढं — म्हणते, मी म्हणते, ये —